सरळ केलेलं चाक

आयुष्यात एक काम मी अगदी बिनचूक केलं आणि त्याच कामाची मला अजून लाज वाटते. वडिलांच्या स्कूटरचं वाकडं पुढचं चाक मी सरळ केलं.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते पाटबंधारे खात्यात कालव्यावर होते. कुणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं, शेतांकडं जाणाऱ्या चारीचं दार किती उघडायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी दिवसभर कालव्याच्या कडेनं फिरावं लागायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरवातीला त्यांनी एक स्कूटर घेतली, ती घेतली तेव्हाच जुनीपुराणी होती. तसल्या गाड्या निघायच्या बंद होऊन जमाना झाला होता. पुढं दोन पायांचा फोर्क, त्याच्या नळ्यांत एकेक स्प्रिंग, खाली दोन आखूड हात आणि त्या हातांमध्ये चाक. नाना तिला रोज फडक्यानं पुसायचे. आम्हा भावंडांना कुणी कधी एवढं पुसलं नाही.

गाडी घेतल्यावर तीनेक वर्षांनी नाना चारीच्या दारावरून खाली दगडांवर पडले आणि डावा खुबा निसटला. दवाखान्यात न्यायचं सोडून चार शहाण्यांनी त्यांना हाडवैद्याकडं नेलं. त्यानं ओढलं, पाला लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या. नाना उठून चालायला लागले, पण पाय दोन बोटं आखूड झाला आणि खुबा कायमचा आखडला. एसटीची पायरी चढवेना. जीपमध्ये दहा जणांच्या मांड्यांत मांडी घालून बसवेना. स्कूटरवर मात्र बसता यायचं, कारण तिला मधे टाकी नसते, पाय उचलून पलीकडं टाकावा लागत नाही. बाजूनं आत सरकलं की झालं. ते सीटवर उजवीकडं सरकून, जवळजवळ एका ढुंगणावर बसायचे आणि डावा पाय तसाच ताठ पुढं ठेवायचे. बघणाऱ्याला हसू यायचं. आम्हीही हसायचो.

त्याच सुमारास गाडी एकदा जुन्नरच्या एका मेस्त्रीकडून दुरुस्त होऊन आली आणि तेव्हापासून पुढचं चाक वाकडं झालं. समोर उभं राहिलं की उघड दिसायचं. मी गाडी घेऊन गेलो की ती डावीकडं ओढायची, सारखं हँडल धरून भांडावं लागायचं. चुलतभाऊ एकदा कामाला घेऊन गेला आणि अर्ध्या वाटेवरून परत आणून लावली. "ही गाडी हाय का मारका बैल?" म्हणाला. मी तेव्हा आयटीआयला फिटरच्या वर्गात होतो, म्हणजे जगातलं सगळं लोखंड मला कळायला लागलं होतं. त्या मेस्त्रीला मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. नाना मात्र त्याच वाकड्या चाकावर दहा वर्षं हिंडले, एकदा तर लग्नाला थेट पिंपरी पेंढारपर्यंत जाऊन आले.

नाना रिटायर झाले त्या वर्षी आत्याला अर्धांगाचा झटका आला. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा हिनंच नानांना कडेवर घेऊन वाढवलेलं. आमचं घर घोडेगावच्या पुढं, शिनोलीच्या वाटेवर, आणि आत्या शिनोलीत, तीन-साडेतीन किलोमीटरवर. झटक्यात तिची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सून भल्या मनाची होती, पण तिनं घास पुढं केला की आत्या दात घट्ट आवळायची. नाकातून नळी घातली, ती तिनं डाव्या हातानं उपटून काढली. नानांच्या हातून मात्र खायची. म्हणून नाना रोज दहाच्या सुमारास मऊ वरणभाताचा डबा हुकाला अडकवून निघायचे आणि दुपारपर्यंत एकेक घास भरवून यायचे. सगळं त्या गाडीवर होतं. गाडी चालली तर नाना जाणार आणि नाना गेले तर आत्या जेवणार.

आणि गाडी चालेना झाली. फोर्कमधले बुश, म्हणजे पिनांवरच्या धातूच्या नळकांड्या, झिजल्या, पिना ढिल्या झाल्या, एक स्प्रिंग तुटली. ब्रेक दाबला की पुढचा सगळा भाग खडखडायचा. मी तोवर चाकणला एका कंपनीत फिटर म्हणून लागलो होतो. कंपनी दुरुस्तीसाठी आठ-दहा दिवस बंद होती, मी घरी आलो होतो.

"नाना, दोन दिवस द्या मला," मी म्हणालो. "फोर्क नवा करून देतो."

"कर की. पण चाक हाय तसं ऱ्हाऊ दे."

"वाकडं हाय ते नाना."

"असू दे. मला काय त्याचा तरास न्हाई."

मी हसलो. शिकलेला मुलगा अडाणी बापाला हसतो तसं हसलो, खोटं कशाला सांगू. कंपनीत आम्ही केसाच्या जाडीचा फरक मोजायचो आणि हे मला वाकडं चाक वाकडंच ठेव म्हणत होते. आईला म्हणालो, यांना सरळ गाडी कशी असते ते माहीतच नाही.

पहिल्या दिवशी फोर्क सोडवला. उजव्या नळीत स्प्रिंगच्या खाली जाड पत्र्याच्या दोन चकत्या निघाल्या, हातानं कापलेल्या, कडा घासून गोल केलेल्या. डाव्या नळीला किंचित पीळ होता. मी त्या चकत्या ओट्यावर ठेवून सगळ्यांना दाखवल्या, हे बघा जुन्नरच्या कारागिराचं काम. नाना खुर्चीत बसून बघत होते. त्यांनी एक चकती उचलून हातात फिरवली आणि परत ठेवली. जुने बुश, स्प्रिंगा, चकत्या, सगळं पोत्यात भरून मी दारावर आलेल्या भंगारवाल्याला दिलं. त्यानं बदल्यात आईला ओंजळभर लसूण दिला. फोर्क मंचरला नेऊन ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमधे प्रेसखाली सरळ करून आणला. बुश बाजारात मिळेनात, ते पेठला एका लेथवाल्याकडून करून घेतले, त्यात एक दिवस जास्त गेला.

तेवढ्या दिवसांत आत्याचं काय? पहिल्या दिवशी नानांना शेजाऱ्याच्या टेम्पोत दोघांनी पोत्यासारखं उचलून ठेवलं आणि तसंच उतरवलं. संध्याकाळपर्यंत खुबा इतका सुजला की दुसऱ्या दिवशी त्यांना मोरीपर्यंत जाववेना. मग डबा घेऊन मी गेलो. आत्यानं माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं आणि दात आवळले. मी तिला म्हणालो, उद्या येतील नाना, मी गाडी करतोय. दोन दिवस ती सुनेनं ओठांतून थेंबथेंब सोडलेल्या साखरेच्या पाण्यावर राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी फोर्क बसला. ओळंबा सोडून बघितला, गुण्या लावून बघितला, दोरी ताणून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघितलं. कुठं एवढासाही फरक नव्हता. मी रस्त्यावर नेऊन दोन्ही हात सोडून चालवली. गाडी सरळ गेली. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी परत येताना उगाचच हॉर्न वाजवला.

खुब्याची सूज थोडी उतरली होती, मग नाना बसले. नेहमीसारखे उजवीकडं सरकून. डबा हुकाला होता. ते रस्त्यावर आले, गिअर टाकला, आणि गाडी हळूहळू उजवीकडं जायला लागली. मला वाटलं खड्डा चुकवताहेत. गाडी रस्त्याच्या मधोमध गेली, मग पलीकडं गेली, समोरून उसाचा ट्रक येत होता. मी ओरडत धावलो. ट्रकवाल्यानं कचकन ब्रेक मारला आणि खिडकीतून आमच्या सात पिढ्या काढल्या. नाना गाडीसकट पलीकडच्या शेराच्या झुडपांच्या कुंपणात पडले होते. डबा उघडून वरणभात मातीत सांडला होता. मी त्यांना उठवलं तेव्हा त्यांच्या कोपरातून रक्त येत होतं, आणि ते मलाच म्हणाले, "तुझ्या गाडीला काय झालं न्हाई ना बघ."

मी म्हणालो, सवय नाही म्हणून होतंय. घराच्या बाजूच्या बोळात परत चालवायला लावली. परत उजवीकडं. हँडल डावीकडं दाबून धरलं की सरळ जायची, पण शंभर पावलांत त्यांचा खांदा थरथरायला लागायचा. डावीकडं झुकायचं तर खुबा झुकू देत नव्हता. मी बसलो की गाडी सरळ, नाना बसले की उजवीकडं. अर्धा तास मी मठ्ठासारखा बघत राहिलो आणि मग मला कळलं. मी बोळात खाली बसलो.

चाक कुणी चुकून वाकडं केलंच नव्हतं. नानांचं वजन उजवीकडं पडायचं तेवढी ओढ त्या मेस्त्रीनं डावीकडं देऊन ठेवली होती. म्हणून ती गाडी जगाला वाकडी होती आणि नानांना सरळ होती. ती ओढच मी प्रेसखाली घालून मोडली होती.

आता ते वाकडं परत आणायचं होतं. बांधावर एक बेचक्याची बाभूळ आहे, तिच्यात फोर्क अडकवून मी नळीत पहार घातली आणि पीळ दिला. बसवला, नानांना बसवलं. डावीकडं ओढायला लागली. काढला, कमी केला. उजवीकडं. काढला, स्प्रिंगखाली वायसर घातले. पुढचा भाग उडायला लागला. सरळ शोधायला ओळंबा असतो, गुण्या असतो. नानांचं वाकडं किती होतं ते कुणीच मोजलेलं नव्हतं, आणि त्या दोन चकत्या हातात होत्या तेव्हा त्यांची जाडी मोजायचंही मला सुचलं नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी मी भंगारवाल्याला शोधत घोडेगावभर फिरलो. सापडला तेव्हा म्हणाला, "भाऊ, तो माल मंचरला गेला आन तिथनं ट्रकमधी भरून पार कुठं गेला, आता काय सापडतोय राव?" मी त्याच्या गाड्यावरचं सगळं लोखंड तरीही उपसून बघितलं.

मग जुन्नर गाठलं. मेस्त्रीचं दुकान विचारत गेलो तर दुकानाला कुलूप. मागच्या बाजूला घर होतं. ओसरीवर एक म्हातारी भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती. मेस्त्री जाऊन दोन वर्षं झाली होती, ती त्याची बायको. मी सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाही विचारलं नाही की मी कोण.

"घोडेगावचं पाटकरी ना? लंगडं व्हतं ते," ती म्हणाली. "दोन दिस इथंच व्हते. जेवायला मीच घातलं. आमचं हे माणूस गाडीवर बसल्याबिगर चाकाला हात लावत न्हवतं. बसवायचं, चालवून आणायला लावायचं, काढायचं, ठोकायचं, पुन्हा बसवायचं. दुधवालं यायचं तर क्यान भरून आण म्हणायचं, रिकामा येऊ नको."

"किती वाकवलं होतं, कुठं लिहून ठेवलंय का?"

"लिवता कुठं येत व्हतं त्यांना." तिनं शेंगांची पाटी पुढं ओढली. "आन लिवलं असतं तरी, तवाचा तुझा बाप ऱ्हायलाय का आता?"

मी नारायणगावमार्गे परत आलो, सगळा रस्ता एसटीत उभा. तिचं बोलणं खरं होतं. दहा वर्षांत नाना वाळले होते, उजवा खांदा उतरला होता, ते आणखीच कलून बसायला लागले होते. जुनी गाडी आणि ते बरोबरीनं म्हातारे होत गेले, झिजले ते एकमेकांच्या सोयीनं झिजले. पण मग मीही तसंच करणार, असं मी ठरवलं. माणूस बसवून चाक लावणार.

सहावा आणि सातवा दिवस मी आठवायला नको म्हणतो आणि तेच जास्त आठवतात. आत्याला हाताला सलाईन लावली होती. तिची सून सकाळी येऊन आमच्या ओट्यावर बसली आणि नुसती रडून गेली. मी नानांना गाडीवर बसवायचो, ते बोळाच्या टोकापर्यंत जायचे, वळायचे, यायचे, मी उतरवायचो, फोर्क काढायचो, बाभळीत घालायचो, परत बसवायचो. दर वेळी चढता-उतरताना त्यांच्या तोंडातून बारीक आवाज निघायचा. वीस वेळा झालं असेल, पंचवीस वेळा झालं असेल. कधी वाटायचं साधलं, आणि गाडी पुन्हा कुणाच्या तरी भिंतीकडं निघायची. सातव्या दिवशी दुपारी ते असेच उजवीकडं गेले आणि मी सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडलो, "जरा सरळ बसा ना नाना!"

आई दारात होती. ती आत निघून गेली. नाना गाडीवरच बसून राहिले, हँडलकडं बघत. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी खरंच, दोन्ही हात सीटवर टेकवून, सरळ बसायचा प्रयत्न केला. खुबा हललाच नाही. कपाळावर घाम आला आणि ते होते तिथंच परत टेकले. मला तिथल्या तिथं मरावंसं वाटलं.

त्यानंतर मी एकदाच फोर्क काढला आणि काय केलं ते मलाही सांगता येणार नाही, हात चालत होते एवढंच. नाना बसले, बोळातून बाहेर मोठ्या रस्त्याला लागले आणि वळणाआड दिसेनासे झाले. मी बोळाच्या तोंडाशी उभा होतो. बऱ्याच वेळानं ते परत आले, अगदी सावकाश.

"झालं," ते म्हणाले. "आता बरी चालती."

"खरंच?"

"खरंच म्हंजी काय? मी बसलोय ना तिच्यावर. ठेव ती हत्यारं आता."

मी त्यांच्या पायाला हात लावून नमस्कार केला, सणासुदीलाही कधी मनापासून केला नव्हता तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डबा अडकवून निघाले आणि दुपारी डबा रिकामा आणला. आत्या जेवली होती. मी चाकणला गेलो आणि कंपनीत दोन-चार जणांना ही गोष्ट रंगवून सांगितली, माणूस बसवून चाक कसं लावायचं ते. शेजाऱ्यांच्या फोनवर आई म्हणाली, सगळं ठीक आहे, आत्या खातेय, नाना हल्ली ऊन व्हायच्या आत जातात, आठलाच निघतात. मला वाटलं, चांगलंच आहे.

तीन आठवड्यांनी अचानक सुट्टी मिळाली. घरी न उतरता थेट आत्याला बघून यावं म्हणून मी भीमाशंकरच्या एसटीत बसून राहिलो. शिनोलीच्या अलीकडं ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. पुढं कुणीतरी स्कूटर हातानं ढकलत चाललं होतं. मी खिडकीशी होतो. नाना होते. दोन्ही हातांनी हँडल धरून, छाती त्याच्यावर टेकवून, ते गाडीच्या आधारानं एकेक पाऊल टाकत होते. डावा पाय मागून ओढत आणत होते. हुकाला डबा होता. एसटीला वाट द्यायला ते थांबले, गाडी कडेला घेतली आणि मान वर न करताच ड्रायव्हरला हात केला.

मला ओरडता आलं असतं. कंडक्टरला बेल मारायला सांगता आलं असतं. मी मान खाली घातली आणि बसून राहिलो.

आत्याच्या घरी पोचलो तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी तिच्या कॉटशेजारी बसलो. पाऊण तास गेला असेल. मग घराच्या कोपऱ्यापलीकडं, रस्त्यावर, किक मारल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, चार वेळा. इंजिन सुरू झालं. आत्यानं मान वळवली, दाराकडं बघितलं आणि तोंड उघडून वाट बघत राहिली.

"रोजचं हाय हे," सून म्हणाली. "गाडीचा आवाज आला का उघडत्यात."

पहिल्या गिअरमधे, दोन्ही पाय जमिनीला टेकवत, नाना वीस-पंचवीस पावलं गाडी चालवत अंगणात आले. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. मला बघून थबकले.

"कधी आलास?"

"आत्ताच. एसटीनं."

एसटीनं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग कॉटवर बसून डब्याचं झाकण काढायला लागले, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, "लई सरळ चालती बघ गाडी आता."

"व्हय नाना," मी म्हणालो, आणि आत्याच्या मानेखाली हात घालून तिला उठवून बसवलं.